खाडी ओलांडताना : बोगदा की बोट?

आकाश निरभ्र असले, की डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून समोर फ्रान्सचा किनारा दिसतो. मधले अंतर सर्वांत अरुंद ठिकाणी अवघे 33 किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी मोटरसायकल घेऊन युरोपात निघालेल्या माणसापुढे आज दोन प्रमुख वाटा आहेत. फोकस्टनला जाऊन मोटरसायकलसकट आगगाडीत शिरायचे आणि समुद्रतळाखालून 35 मिनिटांत कॅलेजवळच्या कोकेल येथे बाहेर पडायचे. किंवा डोव्हरच्या धक्क्यावर बोटीत चढायचे आणि सुमारे दीड तासाने कॅले बंदरात उतरायचे. भाडे, वेळ आणि हवामान यांचा हिशेब मांडून प्रवासी यांपैकी एक वाट निवडतात. तो हिशेब खरा आहे. परंतु या दोन वाटा मुळात कशा घडल्या हे पाहू लागलो, की वेगळेच काही हाती लागते. ही खाडी कशी ओलांडावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने सोयीपेक्षा स्वतःच्या भीतीला विचारून दिले आहे.

मराठी वाचकाला हा समुद्र अगदीच परका नाही. 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांच्या मनात मातृभूमीची ओढ दाटून आली, तो समुद्र हाच, इंग्लिश खाडीचा. परक्या भूमीवर उभ्या असलेल्या माणसाला तो अडसर वाटला. इंग्रजांना मात्र शतकानुशतके तोच समुद्र तटबंदी वाटत आला होता. बोगद्याची सारी कथा या तटबंदीभोवती फिरते.

1802 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात अल्पकाळाचा तह झाला. त्या अवधीत आल्बेर माथ्यू या फ्रेंच अभियंत्याने समुद्राखालून बोगदा खणण्याची योजना नेपोलियनपुढे मांडली. बोगद्यातून घोडागाड्या धावणार होत्या, तेलाचे दिवे उजेड देणार होते, हवा खेळती राहावी म्हणून पाण्याच्या वर धुराड्यांसारख्या नळ्या काढायच्या होत्या आणि घोडे बदलण्यासाठी मध्यावर कृत्रिम बेट उभारायचे होते. पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले आणि योजना कागदावर राहिली. त्यानंतर तोमे द गामाँ या अभियंत्याने जवळजवळ सारे आयुष्य या एका कल्पनेला वाहिले. समुद्रतळाचा खडक कोणत्या जातीचा आहे हे कळावे म्हणून 1855 साली, पन्नाशी जवळ आलेली असताना, अंगाला दगड बांधून त्याने खाडीत बुड्या मारल्या आणि तळाचे नमुने वर आणले.

प्रत्यक्ष खोदकाम सुरू झाले ते 1880 नंतर. सर एडवर्ड वॉटकिन हे रेल्वे कंपन्यांचे मातब्बर संचालक. त्यांच्या पुढाकाराने डोव्हरजवळच्या शेक्सपिअर कड्याखाली यंत्राने सुमारे दोन मीटर व्यासाचा बोगदा पुढे सरकू लागला. फ्रान्सच्या बाजूला सांगात येथेही काम चालू होते. प्रतिष्ठितांना बोगद्यात उतरवून विजेच्या दिव्यांखाली शॅम्पेन पाजण्याची वॉटकिन यांची हौस त्या काळी गाजली होती. दोन्ही बाजू मिळून तीन किलोमीटरांहून अधिक खोदाई झाली. खडू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचा तो थर खणायला सोपा आणि पाणी अडवणारा निघाला. तंत्राच्या दृष्टीने अडचण उरली नव्हती.

अडचण निघाली ती लष्कराकडून. या बोगद्यातून शत्रूचे सैन्य थेट केंटच्या शेतांत उगवेल, असा इशारा जनरल गार्नेट वुल्झली यांनी दिला. ‘द नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या मासिकाने बोगद्याविरुद्ध निषेधपत्र छापले. त्यावर टेनिसन आणि ब्राउनिंग या कवींच्याही सह्या होत्या. 1882 साली सरकारने काम थांबवले. वाद पुढे अनेकदा उकरून काढला गेला. 1930 साली तर ब्रिटिश लोकसभेत बोगद्याची बाजू अवघ्या सात मतांनी हरली. संरक्षणाच्या दृष्टीने या बोगद्यावर आता फारसा आक्षेप उरलेला नाही, असे सरकारच्या वतीने सांगायला 1955 साल उजाडावे लागले. ते सांगणारे संरक्षणमंत्री होते हॅरॉल्ड मॅकमिलन. तोवर विमाने आणि अण्वस्त्रे आली होती. तटबंदीचा अर्थच बदलला होता.

बोगदा अडला, पण माणसे थांबली नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर स्वतःचे वाहन घेऊन युरोप पाहण्याची हौस इंग्रज मध्यमवर्गात वाढली. वाहन पलीकडे नेणे मात्र जिकिरीचे होते. पेट्रोलची टाकी रिकामी करायची, मग यारीने वाहन उचलून जहाजावर ठेवायचे. परक्या देशात ते वाहन विकले जाणार नाही, याची हमी देणारी जकातीची कागदपत्रे मोटार संघटनांकडून घ्यायची ती वेगळीच. रेल्वे कंपन्यांच्या जहाजांचे भाडेही भारी. त्याला कंटाळून कॅप्टन स्टुअर्ट टाउनसेंड यांनी 1928 साली कोळसा वाहणारे एक जहाज भाड्याने घेतले आणि फक्त मोटारींसाठी फेऱ्या सुरू केल्या. वाहने चालवत थेट जहाजात नेता येतील असे उतरते धक्के डोव्हरला बांधले गेले ते 1953 साली. यारीला टांगलेले आपले वाहन खालून श्वास रोखून पाहण्याचा प्रसंग तेव्हापासून टळला.

त्या यारीच्या काळातही मोठे प्रवास झाले. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन तरुणींनी डिसेंबर 1934 मध्ये लंडन सोडले. जवळ 600 सीसीची पँथर मोटरसायकल, तिला जोडलेली साइडकार आणि मागे सामानाची गाडी. सहारा वाळवंट ओलांडून त्या जुलै 1935 मध्ये केप टाउनला पोहोचल्या. त्यांच्या आफ्रिकेच्या वाटेतला पहिला समुद्र इंग्लंडच्या दारातलाच होता, आणि बोटीवाचून तो ओलांडण्याचा मार्ग नव्हता.

युद्धानंतर पर्याय वाढू लागले. 1948 साली सिल्व्हर सिटी या विमान कंपनीने लिम ते ल तुके अशी वाहनवाहू विमानसेवा सुरू केली. विमानाचे नाक दारासारखे उघडे आणि मोटारी, मोटरसायकली सरळ आत जात. 1968 साली हवेच्या उशीवर तरंगणारी प्रचंड हॉवरक्राफ्ट आली. ती सुमारे 35 मिनिटांत पलीकडे पोहोचवी, पण लाटा उंच असल्या की प्रवाशांचे हाल होत. 1974 मध्ये बोगद्याचे काम पुन्हा निघाले आणि खर्चाच्या धास्तीने 1975 च्या आरंभी ब्रिटिश सरकारने ते सोडून दिले. शत्रूची भीती गेली होती, तिची जागा पैशाच्या भीतीने घेतली.

अखेर 1986 साली मार्गारेट थॅचर आणि फ्रान्स्वा मितेराँ यांच्या सरकारांनी करार केला. सरकारी पैसा घालायचा नाही, हा त्यातला पाया. थॅचर यांचा ओढा मोटारी स्वतः चालवत नेता येतील अशा मार्गाकडे होता. परंतु एवढ्या लांब बोगद्यात हजारो इंजिनांचा धूर बाहेर काढायचा कसा, आणि एकसुरी भुयारात चालकाची डुलकी लागली तर काय, हे प्रश्न सुटण्यासारखे नव्हते. म्हणून वाहनांना आगगाडीत घालून नेणारी योजना निवडली गेली. दुचाकीस्वाराच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा ठरला. आगगाडीत त्याचे वजन, वेग किंवा तोल यांचा प्रश्नच येत नाही. मोटारीइतकीच सुरक्षित जागा त्यालाही मिळते.

कराराला वर्ष होते न होते तोच 6 मार्च 1987 च्या रात्री बेल्जियममधील झेब्रुगा बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही डोव्हरला निघालेली बोट उलटली. वाहने आत घेण्याचे पुढचे दार उघडेच राहिले होते. वाहनांच्या सलग, मोकळ्या डेकवर पाणी शिरले आणि काही मिनिटांत बोट आडवी झाली. 193 माणसे दगावली. वाहने भराभर चढावीत म्हणून जो मोकळा डेक आणि जे मोठे दार केले, तेच घातक ठरले. त्यानंतर दारे बंद असल्याची खूण कप्तानाला दिसलीच पाहिजे, असे नियम आले.

6 मे 1994 रोजी बोगद्याचे उद्घाटन झाले. लांबी 50 किलोमीटरांहून थोडी अधिक, त्यांतले सुमारे 38 किलोमीटर समुद्राखाली. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि बांधकामात दहा कामगारांचा जीव गेला. येथे दोन बोगदे आगगाड्यांसाठी आहेत आणि त्यांच्या मधोमध सुटकेचा व दुरुस्तीचा तिसरा. या तिसऱ्या बोगद्याचे महत्त्व 18 नोव्हेंबर 1996 रोजी पटले. मालमोटारी वाहणाऱ्या गाडीला आत असतानाच आग लागली. माणसे त्या मधल्या बोगद्यातून बाहेर काढली गेली आणि जीवितहानी टळली. बुडण्याच्या भीतीला पर्याय म्हणून पाहिलेल्या वाटेवर कोंडले जाण्याची भीती अशी उभी राहिली.

बोगदा झाला की बोटी संपतील, असे अनेकांना वाटले होते. 2000 साली हॉवरक्राफ्ट बंद पडल्या. बोटी टिकल्या. युरोपीय संघातील प्रवासावरची करमुक्त विक्री 1999 मध्ये थांबली, तो मोठा उत्पन्नाचा मार्ग गेला, तरीही टिकल्या. त्याची किंमत कधी खलाशांनी मोजली : मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीज कंपनीने सुमारे 800 जणांना एकाच दिवशी कामावरून काढले. स्वस्त तिकिटाचा हिशेब मांडताना हाही आकडा जवळ ठेवावा.

आज मोटरसायकलस्वार निवड करतो तेव्हा नेमके काय निवडतो? आगगाडीत तो मोटरसायकल चालवतच डब्यात शिरतो, साइड स्टँड लावतो, गिअर टाकतो आणि तिच्या शेजारीच थांबतो. बसायला खुर्ची नसते. समुद्र दिसत नाही, वादळाचा उपद्रव नाही, पावसात भिजलेल्या अंगाने फार काळ थांबणेही नाही. बोटीत मोटरसायकल पट्ट्यांनी घट्ट आवळावी लागते, आणि मग तिला खालच्या डेकवर सोडून वर जावे लागते. प्रवासात तो डेक बंद असतो. गाडी पडेल का, ही काळजी दीड तास सोबत असते. बदल्यात गरम जेवण मिळते, पाय मोकळे होतात आणि मागे सरकणारे पांढरे कडे दिसतात. स्पेनला जाणाऱ्याचा हिशेब आणखी निराळा : पोर्ट्समथहून सांतांदेर किंवा बिल्बाओची बोट घेतली, तर प्रवास एक दिवस किंवा त्याहून अधिक चालतो, पण सारा फ्रान्स गाडीने कापण्याचे श्रम वाचतात. कमी दिवसांची रजा असेल त्याने बोगदा घ्यावा. प्रवास हाच हेतू असेल त्याने बोट घ्यावी, एवढे म्हणता येते.

मुंबईच्या वाचकाला या निवडीचे मोल चटकन कळेल. 2009 चा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि 2024 चा अटल सेतू, दोन्हींवर दुचाकीला मज्जाव आहे. मांडव्याला जाणारी रो-रो बोट मात्र 2020 पासून दुचाकी घेऊन जाते. म्हणजे आपल्याकडेही दुचाकीस्वाराचा मार्ग भीतीनेच ठरवला आहे, फक्त ती त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी बाळगली आहे.

खाडीवर आज शत्रूच्या सैन्याची भीती कोणी बाळगत नाही. तपासणी मात्र पूर्वीपेक्षा कडक आहे. फोकस्टन असो वा डोव्हर, फ्रान्सचे अधिकारी इंग्लंडच्या भूमीवरच पारपत्र पाहतात. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतीय पारपत्र असेल, तर ब्रिटनचा परवाना तेथे पुरत नाही. शेंगेन व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांच्यासाठी ना डबा, ना डेक. 24 नोव्हेंबर 2021 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघालेली रबरी होडी याच पाण्यात बुडाली आणि किमान 27 जण मेले. वुल्झलींना बोगद्यातून सैन्य येईल असे वाटले होते. आले ते निःशस्त्र लोक, आणि तेही पाण्यावरून. बोगदा की बोट, हा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याच्यापुरती ही 33 किलोमीटरांची खाडी आता खरोखरच अरुंद झाली आहे.