घाणेरी: बागेतून गायरानात आलेलं विष

मंडळी, आजची गोष्ट आपल्या बांधावरच्या एका झुडपाची आहे. घाणेरी. कुणी टणटणी म्हणतं. रंगीबेरंगी फुलांचे झुपके, काळी फळं, पान चुरगळलं की उग्र वास. आपल्याला वाटतं, ही इथलीच. पण तिचं मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. तिथून ती युरोपच्या बागांत गेली आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या काळात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. कशासाठी? शोभेसाठी. पुढे कुंपणालाही लावली, कारण गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. पाखरांनी फळं खाल्ली आणि बिया रानोमाळ पसरल्या.

आता प्रश्न असा, की गुरं तोंड लावत नाहीत, तर विषबाधा होते कशी? इथे इतिहास बघावा लागतो. १८७८च्या जंगल कायद्यानं सरकारला राखीव जंगलं करता आली आणि तिथल्या चराईवर बंधनं आली. महात्मा फुल्यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गायरानं गिळल्याची तक्रार आहे. म्हणजे चरायची जागा आकसत होती. उरलेल्या जागेत घाणेरी माजली, आणि तिच्या दाट जाळीखाली गवत नीट वाढत नाही. त्यात दुष्काळ पडला, की भुकेलं जनावर शेवटी तिच्याकडे वळतं. परमुलखातून नवीन आणलेलं जनावर तर ओळख नसल्यामुळेही खातं.

पुढे काय होतं बघा. पाल्यातलं लँटाडीन नावाचं द्रव्य यकृताला इजा करतं, पित्त तुंबतं. हिरवा चारा पचताना तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो, तो आता रक्तात साठतो आणि कातडीत उतरतो. त्यावर ऊन पडलं, की कातडी भाजल्यासारखी होते. नाकपुडीभोवती, कानांवर, पांढऱ्या अंगावर जास्त. जनावर चारा सोडतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात. अशा वेळी आधी सावलीत बांधा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. पोटात राहिलेला पाला पुढेही विष सोडत असतो, म्हणून वाट बघू नका.

आपण म्हणतो, मुक्या जनावराला काय कळतं? अहो, त्याला कळतं. पोट भरलेलं असेल तर ते घाणेरी टाळतंच. त्याच्यापुढचं गवत कुणी आणि कसं कमी केलं, हा प्रश्न माणसांना विचारायचा आहे.