मँचेस्टरचा पावासाठीं लढा

१८१५ सालीं इंग्लंडांत असा कायदा झाला कीं, देशी गव्हाचा भाव क्वार्टर या मापास ८० शिलिंगांवर जाईतों परदेशी गव्हाला बाजार बंद. पार्लमेंटांत भरणा जमीनदारांचा. लाभ त्यांना, महाग पाव मजुराच्या माथीं! १८३८ त मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं याविरुद्ध मंडळ काढलें. सरकारनें गरिबाच्या घांसाआड येऊं नये, हें कॉब्डेन व ब्राइट गांवोगांव सांगत. गिरणीवाल्यांना मजुरी घटवावयाची आहे, असा चार्टिस्ट मजुरांचा आक्षेप. तो अगदींच पोकळ म्हणवत नाहीं. आयर्लंडांत बटाटा कुजला, आणि १८४६ त मुख्य प्रधान पील यांनीं स्वपक्षाचा रोष पत्करून कायदा रद्द करविला. मंडळाचें सभागृह उभें राहिलें तें मैदान मात्र जुनेंच: १८१९ त तेथेंच घोडेस्वारांनीं सभेवर तलवारी चालविल्या होत्या. धान्यकायदा नको, असें त्या सभेंतल्या निशाणांवरहि होतें.