आधी माउंट, मग कॅमेरा

२००७ साली पहिला डिजिटल एसएलआर घ्यायला फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो, तेव्हा खिशात मोजके पैसे होते आणि पिशवीत बाबांची ५० मिमीची जुनी निक्कॉर लेन्स. मेगापिक्सेलचे आकडे पाठ होते. खरा प्रश्न वेगळाच निघाला: लेन्स जिथे अडकते तो माउंट कुणाचा?

निकॉनने ‘एफ’ माउंट १९५९मध्ये आणला आणि पुढे तोच चालवला. कॅननने १९८७मध्ये जुना एफडी सोडून ईएफ आणला. जुन्या लेन्सवाल्यांची पंचाईत झाली. पण फोकसची मोटर लेन्समध्येच असल्याने २००३च्या स्वस्त ३००डीवरही ईएफ लेन्स आपोआप फोकस करत. निकॉनच्या २००६च्या डी४०मध्ये मात्र बॉडीतली मोटर नव्हती. जुन्या ऑटोफोकस लेन्स त्यावर बसत, फोकस हाताने करावा लागे.

बाबांची लेन्स तर मुळातच हाताने फोकस करायची. मी डी४० घेतला. दुसऱ्या लेन्सचे पैसे वाचले. लहान सेन्सरमुळे ५० मिमीची चौकट ७५ मिमीएवढी झाली, चेहऱ्यांसाठी नेमकी. पण या लेन्सबरोबर कॅमेरा प्रकाश मोजेना.

गॅलरीत बाबांना बसवलं आणि अडलो. त्यांनी एकदा आभाळाकडे, एकदा स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

“एकशेपंचवीस, पाच पॉइंट सहा.”

फोटो बरोबर आला. ती बॉडी कधीच जुनी झाली. लेन्स अजून वापरतो, प्रकाश तळहातावर पाहून.