मक्यातली लष्करी अळी : सापळा कुठला घ्यायचा, पतंग कसे मोजायचे

मक्याच्या पोंग्यात अळी दिसली की मग औषध शोधायचं, ही आपल्याकडची नेहमीची रीत. पण अळीच्या आधी पतंग येतो आणि तो रात्री येतो. तो रानात आलाय का, हे कळायला कामगंध सापळा हे स्वस्त साधन आहे. केंदूर, पाबळ भागात मुरघासासाठी मका करणाऱ्यांनी तरी तो लावावाच.

अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात सापडली. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात आली. मादी एका पुंजक्यात शे-दोनशे अंडी घालते.

मादी अंगातून एक वास सोडते, त्या वासावर नर येतो. तोच वास कारखान्यात बनवून रबराच्या तुकड्यात भरतात, त्याला ल्युअर म्हणतात. असा वास सर्वात आधी १९५९ साली जर्मनीच्या बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगात ओळखला. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या होत्या! अमेरिकेत जंगलातली झाडं खाणाऱ्या पतंगाची पाहणीही अशाच सापळ्यांनी करतात.

दुकानात नुसतं 'कामगंध सापळा द्या' म्हणू नका. सापळा एकच चालतो, ल्युअर मात्र प्रत्येक किडीची वेगळी. घाटेअळीची, गुलाबी बोंडअळीची, वांग्यातल्या अळीची वेगवेगळी मिळते. खरा घोळ होतो तो स्पोडोप्टेरा नावामुळे. तंबाखूवरच्या अळीची ल्युअरही याच नावाने विकतात, मक्यात तिचा उपयोग नाही. पाकिटावर 'फॉल आर्मीवर्म' किंवा 'फ्रुजिपर्डा' वाचूनच पैसे द्या.

पाहणीसाठी हेक्टरी ५ म्हणजे एकरी २ सापळे पुरतात. मका उगवताच लावा. काठीला बांधून पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा आणि मका वाढेल तसा सापळा वर सरकवा. हे सरकवायचं बरेचजण विसरतात, मग सापळा पानांत झाकला जातो. तंबाखू, औषध लागलेल्या हाताने ल्युअर धरू नका. साधारण ३ ते ४ आठवड्यांनी ती बदलायची, पाकिटावरची मुदत बघा.

सकाळी पिशवी उघडून पतंग मोजा, वहीत तारीख टाका आणि मोजलेले काढून टाका. दुसरे पतंगही पडतात. आपल्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरट तिकोनी डाग असतो. दिवसाला सापळ्यामागे एक पतंग यायला लागला की रानात उतरा. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा. लहान मक्यात शंभरात ५ झाडं खाल्लेली दिसली तर उपाय सुरू करा. अळी बारीक असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारा. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' असलेली मोठी अळी दिसली तर कृषी सहायकाला फोटो पाठवून औषध विचारा, आणि चारा जनावरांना किती दिवसांनी घालायचा तेही विचारून घ्या.

सापळ्यात फक्त नर अडकतात. एकरी दोन सापळ्यांनी अळी जात नाही, ती कधी येणार एवढं कळतं.