खाडी ते खाडी : मालवण किनाऱ्यावरील प्राचीन नौकाप्रवास

पालि साहित्यातील समुद्रप्रवास म्हटला की अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते ते खोल सागरावरील संकटांकडे. सुप्पारक जातकात भरुकच्छहून निघालेली नौका चार महिने भरकटते. अंध निर्यामक व्यापाऱ्यांनी सांगितलेली लक्षणे ऐकून खुरमाल, अग्गिमाल इत्यादी सागर ओळखतो आणि सातशे जणांना सुखरूप परत आणतो. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात किनारा शोधण्यासाठी नावेवरून सोडलेल्या पक्ष्याचा दृष्टांत आहे. दोन्ही ठिकाणी किनारा दृष्टीआड झालेला आहे. परंतु अपरान्ताच्या नावाड्याचा नित्याचा प्रवास निराळा होता. तो किनाऱ्याच्या कडेने, मुक्काम करीत, सावकाश चालत असे.

या सावकाशीचे कारण भूगोलात आहे. विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंतच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावर देवगड, आचरा, कालावल, कर्ली अशा खाड्या एकापाठोपाठ येतात. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड असल्या तरी भरतीचे पाणी त्यांत बरेच आत शिरते. पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर आणि ओहोटीवर गलबत बाहेर पडावे, दुपारनंतरच्या समुद्रवाऱ्याने पुढे सरकावे आणि भरतीबरोबर पुढील खाडीत शिरावे, हा शिडाच्या नौकेचा स्वाभाविक क्रम होय. गोडे पाणी, धान्य आणि घाटावरून उतरलेला माल खाडीच्या आतील बंदरातच मिळे. मालवणसारख्या ठिकाणी पाण्याखालील खडकांमुळे वाट जाणणारा तांडेलच हवा.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण व चौल यांच्या दक्षिणेकडील बंदरांची ओळीने नावे येतात, ती याच रीतीची द्योतक आहेत. त्यांतील औरन्नोबोअस म्हणजे मालवण, असे काही विद्वान मानतात. मात्र त्यावर मतैक्य नाही. अधिक भक्कम पुरावा शके 930 (इ. स. 1008) मधील शिलाहार रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटाचा आहे. खारेपाटण हे वाघोटण खाडीच्या बरेच आत वसलेले आहे. एका शैव देवालयास दिलेल्या या दानात परदेशाहून येणाऱ्या नौकेवर एक गद्याण सोने, तर कंदलमूलीय येथून येणाऱ्या नौकेवर एक धरण सोने, असा भेद आढळतो. चेमूल्य व चंद्रपूर यांना त्यातून वगळले आहे. दूरचे आणि किनारी नौकानयन शासनाच्याही लेखी वेगळे होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बौद्ध इतिहासाच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उभा राहतो. उत्तर कोकणात सोपारा येथे भगवानलाल इंद्रजी यांना 1882 साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. कुडे, महाड, पन्हाळेकाजी येथील लेणी नदी-खाड्यांच्या वाटांलगत आहेत. मालवण किनाऱ्यावर अशी लेण्यांची रांग नाही. म्हणून धम्म येथे पोहोचलाच नाही, असे म्हणणे घाईचे आहे. आणि प्रत्येक गुहेस विहार ठरविणे तितकेच अनुचित.

याबाबत विनयपिटक मार्गदर्शक ठरते. महावग्गातील वर्षावासविषयक खंधकात गोठा, सार्थ आणि नौका येथेही वर्षावासास अनुज्ञा आहे. कोकणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो. तेव्हा हा नियम विशेषतः नद्यांवरील नावांना लागू पडला असावा. तरीही त्यातून संघाची दृष्टी कळते. फिरत्या लोकांबरोबर फिरणारा भिक्षु संघाला मान्य होता. नौकेलाच निवासस्थान मानणारा संघ प्रत्येक थांब्यावर दगडी खूण ठेवीलच, असे नाही.

तेव्हा शोध घ्यायचा तो केवळ डोंगरातील लेण्यांचा नव्हे. खाडीच्या आतील जुने धक्के, खापरे, दगडी नांगर यांचाही घेतला पाहिजे. आज तारकर्लीच्या खाडीत पर्यटक हौसेने नौकाविहार करतात. त्याच खाड्या गाळाने उथळ होत आहेत, वाळूच्या उपशाने ढवळल्या जात आहेत. लेणे दोन हजार वर्षे टिकते. खाडीकाठचे खापर एका हंगामात नाहीसे होते. सर्वेक्षण प्रथम तेथेच व्हावयास हवे.