डिस्ट्रिक्ट सिक्स : नसलेल्या घरांची वारसाफेरी

वारसाफेरी म्हटली की वाडे, मंदिरे, दगडी कमानी डोळ्यांसमोर येतात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात मात्र एक फेरी अशी निघते, जिच्यात दाखवण्यासारखे फारसे काही उरलेलेच नाही. गवत माजलेल्या मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवून वाटाड्या सांगतो, येथे आमचे घर होते. त्या वस्तीचा हा धागा.

१८६७ मध्ये शहराचा सहावा विभाग म्हणून तिला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हे नाव मिळाले. मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, गोदी कामगार, कारागीर, मलय मुसलमान, ज्यू, भारतीय असे नानाविध लोक तेथे दाटीवाटीने राहत.

११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णद्वेषी सरकारने ‘ग्रुप एरियाज’ कायद्याखाली हा भाग केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवला. सुमारे ६०,००० लोकांना शहराबाहेरील वालुकामय केप फ्लॅट्सवर हलवण्यात आले. घरे बुलडोझरखाली गेली. चर्च आणि मशिदी तेवढ्या वाचल्या. पुढे विरोधामुळे बरीचशी जमीन ओसाडच राहिली.

डिसेंबर १९९४ मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडले. जमिनीवर वस्तीचा प्रचंड नकाशा अंथरलेला. पूर्वीचे रहिवासी येऊन आपापल्या घराच्या जागी नाव लिहीत. वर टांगलेल्या रस्त्यांच्या जुन्या पाट्या खऱ्याच आहेत. पाडकामावरील एका माणसाने त्या फेकून न देता स्वतःजवळ जपून ठेवल्या होत्या!

फेऱ्यांचे वाटाडे हेच विस्थापित. हे केवळ स्मरणरंजन नव्हते. १९९४ च्या जमीन-परतावा कायद्याने भाडेकरूंनाही दाव्याचा हक्क दिला, आणि येथील बहुतेक रहिवासी भाडेकरूच होते. कोण कोठे राहत होते, या प्रश्नाला त्यामुळे कायदेशीर वजन आले. अर्थात, आठवणीत वस्ती उजळून निघते. गळकी छपरे, गर्दी, टोळ्यांची दहशत मागे पडते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

परंतु या वस्तीतील पहिली हकालपट्टी १९६६ नंतरची नव्हेच. १९०१ मध्ये केपटाउनमध्ये प्लेगची साथ आली आणि रोगनिवारणाच्या नावाखाली येथील कृष्णवर्णीय आफ्रिकनांना शहराबाहेरच्या छावणीत धाडण्यात आले. (चारच वर्षांपूर्वी पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर घराघरांत शिरले होते. साम्राज्य एकच, सबबही एकच.)

जमीन-परतावा कायदा केवळ १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनींना लागू होतो. १९०१ मध्ये हाकलले गेलेले लोक त्या तारखेच्या आधीचे, म्हणून त्यांच्या वारसांना दावाच करता येत नाही. येथे आमचे घर होते, असे सांगू शकणारा त्या पिढीतील साक्षीदारही आता उरलेला नाही. फेरी तेथवर पोहोचली की वाटाड्याला स्वतःच्या आठवणीचा आधार सोडून कागदपत्रांकडे वळावे लागते.