परभणीत रविवार कसा आला

परभणीत आठवड्याची सुट्टी म्हणून रविवार रुळला तो १९४८ नंतर. त्याआधी हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांपैकी एक होता. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि कचेऱ्या बंद राहत त्या शुक्रवारी. नगर-सोलापूरकडच्या इंग्रजी मुलखातून सरहद्द ओलांडून आलेल्या माणसाला इथे चलन वेगळे मिळे, ‘हाली सिक्का’. सुट्टीचा वारही वेगळा असे.

इंग्रजी मुलखातला रविवारही कष्टकऱ्यांना सहज मिळालेला नव्हता. सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद असत, पण मुंबईच्या कापड गिरण्या चालू राहत. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या वर्षीच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या. सहा वर्षे त्या तशाच पडून राहिल्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचे बळ दिले. मात्र तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता. परभणी त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

परभणीच्या खेड्यापाड्यांत तर सुट्टीचा वार ही कल्पनाच नव्हती. वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या सालदाराचे साल गुढीपाडव्याला सुरू होई आणि पुढच्या पाडव्याला संपे. मधली विसावण्याची निमित्ते म्हणजे सण, पोळा, जत्रा आणि आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी मीठमिरची घ्यायची, सोयरे-धायरे भेटायचे आणि लेकीच्या गावची खबर विचारायची. सेलू-मानवत भागात कापसाचा व्यापार मोठा होता, आणि जिनिंगचा हंगाम हिवाळ्यापासून वसंतापर्यंत चाले. कामाची अशी गर्दी असताना विश्रांतीचा दिवस मागणे मजुराला कठीणच होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य शरण आले. त्यानंतर कारभार भारतीय पद्धतीवर आला आणि शुक्रवारची जागा रविवारने घेतली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तोवर परभणीतल्या शाळकरी मुलांना रविवार जुन्या ओळखीचा झाला होता.

या मोकळ्या दिवसाला जागा मात्र जुन्याच मिळाल्या. त्यांत पहिला मान हजरत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यातील उरुसाचा. बहुतेक उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे होतात, म्हणून ते सगळ्या ऋतूंतून फिरतात. परभणीचा उरूस २ फेब्रुवारीला सुरू होतो आणि जवळपास पंधरवडा चालतो. त्यामुळे तो नेहमी थंडी ओसरताना येतो. वेचणी बहुतेक उरकलेली असते, शेतकऱ्याच्या हाती कापसाचे पैसे असतात आणि शिवारात ज्वारी उभी असते. पाळणे, मिठाई, भांड्यांची दुकाने यांच्या गर्दीत हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली माणसे असतात. शहराची खरी ओळख याच मेळ्यात आहे, आणि ती जपली पाहिजे.

याच दिवसांत इतर वाटाही मोकळ्या असतात. गंगाखेडला गोदावरीचा घाट आणि संत जनाबाईंचे स्थान आहे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैन गुहामंदिरे आहेत. तिथली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती अगदी लहानशा दगडावर तोललेली दिसते. जिंतूर तालुक्यातच चारठाण्याची यादवकालीन मंदिरे आणि कोरीव स्तंभ आहेत. कुठल्याही मोठ्या शहराला अभिमान वाटावा असे हे शिल्प आहे, तरी तिथे जाणारे फार थोडे.

कारखान्याला आणि कचेरीला रविवार मिळाला. सालदाराच्या करारात तो आजही सहसा नसतो, आणि लोखंड्यांची मागणी तेवढ्यापुरती अपुरीच राहिली आहे.